कोणतं ‘या’

मी राजूरहून सासरी आले त्याच वर्षी आमचा अख्खा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. मला आणि जिल्ह्याला, दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. सासरचं गाव तालुक्याचं, पैनगंगेपासून थोड्या कोसांवर, आणि घरात माणसं तीनच: सासूबाई, मामंजी आणि हे. माझे वडील कोळशाच्या खाणीच्या कचेरीत कारकून, घरात आम्ही आठ भावंडं. त्यामुळे माझ्यासकट चौघांचा स्वयंपाक म्हणजे मला भातुकलीच वाटली. सुटले, असं मनात म्हणाले. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच मामंजींनी मला बोलावून विचारलं, की तुला मोठ्याने वाचता येतं का. मी मॅट्रिक पास होते. नाही कसं म्हणणार?

मामंजी अर्जनवीस होते, म्हणजे कचेरीच्या आवारात वडाखाली चटई टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि धंदा सुटला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकला की या. तो काही पिकेना. अर्ज सुटले तरी वाचन सुटेना, आणि ते माझ्या गळ्यात आलं. दुपारी झाकपाक झाली की मी ओसरीच्या दाराआड पदर सावरून बसायची आणि ते दाराच्या त्या बाजूला, भिंतीला टेकून.

पहिल्या दिवशी मला वाटलं, पोथी असेल, फार तर एखादी ऐतिहासिक कादंबरी. पुस्तक निघालं परदेशातल्या कुठल्याशा छावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाचं. ते संपलं तेव्हा फाळणीवरचं हिंदी पुस्तक आलं. मग कुठल्या देशातल्या क्रांतीचं, ज्यात क्रांती करणाऱ्यांनी शेवटी एकमेकांनाच संपवलं. हे कचेरीतून येताना वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचे. वाचनालयाचे चिटणीस ह्यांना म्हणायचे, घरात नवी सून आहे, एखादं हलकंफुलकं न्या की. ह्यांनी घरी येऊन ते सांगितलं की मामंजी म्हणत, हलकंफुलकं मेल्यावर वाचू.

मला त्या पुस्तकांचा आधी नुसता त्रास झाला. जेवण जायचं नाही. मग त्याहून वाईट झालं, मला चटक लागली. दुपारपर्यंत धीर निघेना म्हणून मी सकाळीच तांदूळ निवडता निवडता सुपाखाली पुस्तक धरून पुढची पानं वाचून काढायची. मारणारी माणसं काही शिंगं लावून आलेली नव्हती. एक जण घड्याळं दुरुस्त करायचा, एकाची बायको आजारी असायची म्हणून तो मध्येच घरी जाऊन यायचा. हे वाचल्यावर माझं डोकं फिरल्यासारखं झालं. दूधवाला दूध मापून द्यायला लागला की मी त्याच्या हातांकडे बघत राहायची. हा काय करील, वेळ आली तर? शेजारच्या मास्तरीणबाई काय करतील? एकदा ह्यांच्याकडेही तसंच बघत होते, तर ह्यांना वाटलं, सदरा उसवलाय.

मामंजींची ऐकण्याची तऱ्हाही वेगळीच होती. लढाई आली की म्हणायचे, पुढे वाच. पुढाऱ्यांची भाषणं आली, पुढे वाच. मेलेल्यांचे आकडे आले तरी पुढे वाच. पण कुणी कुणाच्या दाराशी येऊन उभं राहिलं, की त्यांचा हात वर व्हायचा. ती ओळ पुन्हा वाचायची, मग आणखी एकदा. आणि पान संपलं की ठरलेला प्रश्न: शेजाऱ्यांचं काय लिहिलंय? बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसायचं. मग ते पुस्तकावर रुसल्यासारखे गप्प बसायचे. मला कळेना, ह्या माणसाला नक्की हवंय काय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, असं तोंडावर आलेलं मी कितीदा तरी गिळलं.

आणखी एक गोष्ट मला खटकली होती. पहिल्या दिवाळीला मी माहेरी निघाले, वाकून नमस्कार केला, “येते” म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “ये बाई.” मामंजी नुसतं “हं” म्हणाले. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. मग पाहिलं तर ते कुणालाच “ये” किंवा “या” म्हणत नव्हते, येणाऱ्यालाही नाही आणि जाणाऱ्यालाही नाही. पाहुणा दारात आला की मान हलवायचे, निघाला की “बरं” म्हणायचे. एवढे अर्ज लिहिलेला माणूस, ह्याला साधी रीत कळू नये? माझ्या माहेरी अशा माणसाला माणूसघाणा म्हणतात. ओसरीच्या कोनाड्यात निळ्या फुलांचा एक कप असायचा. मी एकदा चहाला काढला, तर सासूबाईंनी हातातून घेऊन परत तिथेच ठेवला. का, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि घरात भांडण सुरू झालं. गरोदर बाईने चांगलं ऐकावं, चांगलं वाचावं, ही तर जगाची रीत. सासूबाईंनी एके दिवशी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

“पोटात लेकरू आहे अन् तू हे मुडद्यायचं काय वाचून राह्यली?” त्या म्हणाल्या. मग ओसरीकडे तोंड करून, “तुमचे डोये गेले, आता पोराचे कान नासवता काय?”

दुपारी मी पोथी घेऊन बसले. दोन अध्याय ऐकून मामंजींचा चेहरा असा झाला, की मला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या अर्धवट राहिलेल्या पुस्तकातल्या माणसांचं पुढे काय झालं ते हवं होतं. तेव्हा मी एक युक्ती केली. पोथी मांडीवर, पोथीवर ते पुस्तक, आणि वाचायचं ओवीच्या चालीवर. “शिपाई आले दारापाशी, म्हणती उघडा कवाडासी.” जिथे जमेल तिथे यमक माझं, नाहीतर नुसतीच चाल. सासूबाई आत डाळ निवडत असायच्या; त्यांना शब्द ऐकू यायचे नाहीत, चाल यायची. अध्याय संपल्यासारखा आवाज उतरवला की त्या आतून हात जोडायच्या. मामंजींच्या ओठांवर मी त्या दिवसांत पहिल्यांदा हसू पाहिलं. पोटातलं बाळ मात्र काय ऐकत होतं कोण जाणे. मला अधूनमधून भीती वाटायची, आणि तरी मी वाचत होते.

आठवडाभर हे चाललं. मग एका ओवीत आगगाडी आली. ती कशी लपवणार?

“पोथीत आगगाडी कुठून आली?” म्हणत सासूबाई सूप घेऊनच बाहेर आल्या. मी थांबले. आता आकाश कोसळणार असं वाटलं. पण मामंजी शांतपणे म्हणाले, “वाच. तिलाही ऐकू दे.”

मी चाल सोडून साधं वाचायला लागले. फाळणीवरचंच एक पुस्तक होतं. एक नवरा-बायको आगगाडी चुकली म्हणून गावात परत येतात आणि जुन्या शेजाऱ्याच्या दाराशी उभे राहतात. नवरा म्हणतो, आजचा दिवस आत घ्या. सासूबाई सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसल्या.

“मंग?” त्यांनी विचारलं. “घेतलं का अंदर?”

मी पान उलटलं. पुढचं प्रकरण दुसऱ्याच गावाचं होतं. लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं.

“लिहिणाऱ्याले मालूम नसन,” त्या म्हणाल्या. मग मामंजींकडे बघून, “नाहीतर मालूम असूनही लिहिलं नसन.” आणि मला म्हणाल्या, “कायले पुस्तकं धुंडाळते? आपल्याच दारातलं आहे. यायले विचार,” आणि मामंजींकडे बोट दाखवलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दीड वर्ष मी जगभरच्या छावण्या पालथ्या घालत होते आणि गोष्ट मी ज्या दाराआड बसायची त्याच दाराची होती.

ती मला त्या दुपारी दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. नदीच्या पल्याड तेव्हा मोगलाई होती, म्हणजे हैदराबादचं राज्य. तिथल्या दंगेखोर टोळ्यांना भिऊन तिकडची हिंदू कुटुंबं नदी उतरून इकडे आली, आमच्या गावच्या धर्मशाळेत राहिली. मामंजींनी त्यांचे अर्ज फुकट लिहून दिले. मग भारताची फौज तिकडे गेली, ते राज्य संपलं आणि वारं फिरलं. ज्यांची घरं जळाली होती ती माणसं परत निघाली, आणि त्यातली काही नुसती आपलं घर बघायला गेली नाहीत. आता तिकडचे मुसलमान पळू लागले. काल ज्यांचा अर्ज लिहिताना मामंजींचे डोळे भरून आले होते, त्यांच्यातलेच दोघे-चौघे काय करून आले ते गावात फुशारकीने सांगत होते. त्या वाऱ्याची झळ नदीच्या ह्या बाजूलाही लागली.

आमच्या गावात एक मुनशीजी होते. उर्दू-फारसी कागदपत्रांचं काम त्यांच्याकडे. वडाखाली त्यांची चटई मामंजींच्या चटईला लागून, वर्षानुवर्षं. बोलणं आमच्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी. रोज संध्याकाळी चटई गुंडाळताना ते विचारायचे, “येऊ का, भाऊ?” मामंजी म्हणायचे, “या.” म्हणजे निरोप झाला. आणि सुट्टीच्या दिवशी घरी आले, की गल्लीत उभं राहून तेच, “येऊ का, भाऊ?” मामंजी म्हणायचे, “या.” म्हणजे ओसरीवर या. निळ्या फुलांचा कप त्यांचा. वेगळा ठेवलेला. ओसरीच्या आत ते कधी आले नव्हते, तशी तेव्हा रीतच नव्हती.

तर त्या दिवसांत एकदा दिवेलागणीला मुनशीजी आले. बरोबर बायको, हातात ट्रंक. त्यांच्या गल्लीत कुणी काय बोलून गेलं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं, मामंजींनाही. मामंजी दारात उभे होते, एक हात दाराच्या फळीवर. मुनशीजी ओसरीवर चढले नाहीत. गल्लीतूनच म्हणाले, “येऊ का, भाऊ?”

मामंजी म्हणाले, “या.”

मुनशीजी क्षणभर थांबले. मग सलाम केला, ट्रंक उचलली आणि बायकोला घेऊन चालू लागले. गल्लीच्या कोपऱ्यावर कडुनिंब आहे, तिथपर्यंत ते दिसत होते. पुढे कुणी म्हणे वणीच्या रस्त्याला लागले, कुणी म्हणे नदीकडे गेले. नक्की कुणालाच कळलं नाही. घराला पुष्कळ दिवस कुलूप होतं, मग दुसरं कुणी राहायला आलं.

“मी त ‘या’ ऐकलं अन् पाण्याचा लोटा घेऊन आली,” सासूबाई म्हणाल्या. “पाय धुवायले. मले वाटलं, आले. पाहते त हे एकटेच दार धरून उभे.”

मामंजी म्हणाले, “म्हणजे मी आत या असंच म्हणालो होतो. तुला तसंच ऐकू आलं ना?”

“मले तसं ऐकू आलं. मुनशीजीले काय ऐकू आलं ते मले काय मालूम?”

ह्या दोघांचं हे भांडण दहा वर्षं चाललं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे मोठ्याने कधीच झालं नव्हतं, पण चाललं होतं. मामंजी मला सांगू लागले, की काही दिवस मला अगदी खात्री असते, मी बोलावलं आणि त्यांचाच गैरसमज झाला. आणि काही दिवस तेवढीच खात्री असते, की ते वळले तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दोन्ही खरं कसं असेल? म्हणून पुस्तकं. कुठेतरी कुणीतरी अशा दाराबद्दल लिहिलं असेल, आतल्या माणसाने. मारलेल्यांनी लिहिलं, मारणाऱ्यांबद्दलही लिहिलं. दार धरून उभा राहिलेल्याने काही लिहिलेलं नाही.

सुनेने सासऱ्याला विचारू नये ते मी विचारलं. म्हटलं, “ते कडुनिंबापर्यंत दिसत होते, तर तुम्ही हाक का नाही मारली?”

त्यांनी तोंड गल्लीकडे वळवलं. मग म्हणाले, “जाणाऱ्याला मागून हाक मारू नये म्हणतात.”

मला आधी हसू आलं. मग इतका राग आला, की मी पुस्तक तिथेच टाकून आत निघून गेले आणि चुलीपुढे बसून रडले. आणि रडता रडता कळेना, की कशासाठी रडते आहे. हा माणूस मला आवडत होता. माझ्या डोहाळ्यांची बोरं त्याने न दिसणाऱ्या डोळ्यांनी बाजारात जाऊन आणली होती. मागून हाक मारू नये हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं; मी स्वतः कितीदा जीभ चावून थांबले होते. त्या घटकेला त्यांना खरोखर अपशकुनच आठवला असेल का? की पुढे दहा वर्षांत तो त्यांनी शोधून काढला?

त्यानंतर वाचन सुरू राहिलं, पण सासूबाईही येऊन बसू लागल्या. आणि मामंजींनी एकदा मला सरळच विचारलं, “तू एवढं वाचलंस. तू सांग, माझं ते ‘या’ कोणतं होतं?”

त्यांना दुसऱ्या कुणाला विचारायचं नव्हतं. मुलाला त्यांनी कधी हे सांगितलंच नव्हतं. मोतीबिंदूपेक्षा ह्या उत्तराची त्यांना जास्त घाई होती, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, विचार करून सांगते.

मग मी स्वयंपाकघरात एकटी ‘या’ म्हणून बघायला लागले. आत बोलावण्याचं ‘या’ थोडं वर जातं, निरोपाचं खाली उतरतं, असं मला वाटत होतं. म्हणून बघितलं तर दोन्ही सारखीच निघत. एकदा कासारीण दारात येऊन म्हणाली, “येऊ का, बाई?” मी मुद्दाम सपाट आवाजात “या” म्हटलं. ती टोपली ठेवून आरामात बसली आणि बांगड्या घ्याव्याच लागल्या. वाटलं, सापडलं: ज्याला आत यायचं असतं तो कुठलंही ‘या’ आत या असंच ऐकतो. पण मग मुनशीजींना तर कासारणीपेक्षा किती जास्त गरज होती. ते का वळले? त्यांनी शब्द ऐकला की फळीवरचा हात पाहिला? की इतकी वर्षं ओसरीच्या आत कधी न घेतलेल्या घराचं ‘या’ म्हणजे ओसरीपर्यंतच, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं? जितका विचार करावा तितका गुंता वाढे. मामंजी रोज विचारत नसत, पण मी चहा द्यायला गेले की वाट बघितल्यासारखा चेहरा वर करत. मी कप ठेवून निघून यायची.

सातव्या महिन्यात ओटी भरली आणि मी बाळंतपणाला राजूरला निघाले. मोटार कोपऱ्यापलीकडून सुटायची. ह्यांनी ट्रंक घेतली आणि पुढे झाले. सासूबाईंनी हातावर दही घातलं. मी दोघांना वाकून नमस्कार केला, “येते” म्हणाले. सासूबाई “ये” म्हणाल्या. मामंजी नेहमीसारखं “हं” म्हणाले. उत्तर न देताच मी निघाले होते, आणि त्याची मला लाज वाटत होती. गल्लीतून भराभर चालले.

कडुनिंबापाशी पोचले तेव्हा मागून हाक आली. “सूनबाई!”

मामंजींचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. आजूबाजूच्या बायका दारात आल्या. पहिलटकरीण माहेरी निघालेली आणि सासरा मागून हाक मारतो, असं कुणी ऐकलं नसेल. मी वळले. सासूबाई पदर सावरत धावत आल्या, मला दंडाला धरून परत घरात नेलं, पाटावर बसवलं आणि पाणी आणलं. मागून हाक आली की बसून पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं, एवढाच काय तो त्यावर उपाय. “अहो, पोटुशी आहे ते,” एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या. मीही घाबरले होते. इतकी पुस्तकं वाचून मी पोटावर हात धरून बसले होते, हे लिहायला हवं.

मामंजी भिंत चाचपत आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“कुठवर गेली होतीस?” त्यांनी विचारलं.

“कडुनिंबापर्यंत.”

“तिथे ऐकू आली?”

“आली. चांगली ऐकू आली.”

“मग त्यांनाही आली असती,” मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्या हातातून रिकामा लोटा घेतला. बाहेर मोटारीचा भोंगा वाजत होता, आणि हे माझी ट्रंक खांद्यावर घेऊन कोपऱ्यावर तसेच उभे होते.